वडगीरच्या बारा बरण्या

१

मार्च संपत आला तेव्हा वडगीरची माती चोरीला गेली, आणि गावात कुणाला त्याचा पत्ताच नव्हता. शेतातली मोटार चोरीला जाते, केबल जाते, देवळाची घंटासुद्धा जाते. पण माती चोरणारा माणूस शरयूताई इंगवल्यांनी एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात पाहिला नव्हता. आणि सगळं आयुष्य तर त्यांनी मातीतच घालवलं होतं, सरकारी प्रयोगशाळेत.

त्या पालिकेच्या कचेरीत बसून अहवाल वाचत होत्या. समोर पालिकेची इंजिनियर अंकिता बसली होती. पोरगी हुशार, पण चार दिवस झोपली नसावी असा चेहरा.

"मॅडम, सगळं स्वच्छ आलंय," अंकिता म्हणाली. "तुमची सही झाली की शुक्रवारी फाईल जाते."

शरयूताईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि तोच आकडा पुन्हा वाचला.

आता हे प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं. वडगीर म्हणजे कराड आणि सांगलीच्या मधलं कृष्णाकाठचं गाव. गावाच्या टोकाला चार एकरांत एक बंद कारखाना. सव्वीस वर्षं तिथं लोखंडाच्या भागांवर क्रोमचा मुलामा चढवायचे, आणि टाक्यांतलं पिवळं पाणी मागच्या दारानं जमिनीत सोडायचे. अशा जागेवर काही बांधायचं तर आधी माती तपासा, खर्च आम्ही देतो, असं म्हणून सरकारनं अनुदान काढलं. वडगीरला ते मिळालं, कारण तिथं घरं बांधायची होती. एकवीस सालच्या पुरात नदीकाठची चौऱ्याऐंशी घरं गेली होती, आणि ती माणसं अजून बाजार समितीच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. माती चांगली निघाली तर दिवाळीला पाया खणणार. वाईट निघाली तर साफसफाईच्या निधीसाठी रांगेत उभं राहायचं, आणि ती रांग चार वर्षांची.

अहवालावर बाहेरच्या एका जाणकाराची सही लागत होती. शरयूताई निवृत्त झाल्यापासून सांगलीत विश्रामबागला राहत, पण वडगीर त्यांचं माहेर. पालिकेनं त्यांनाच गाठलं. त्या यायला तयार नव्हत्या. त्या कारखान्याचं नाव निघालं की त्यांची मान खाली जायची. का, ते येईलच पुढं.

"अंकिता, यात क्रोमियम शून्यात जमा आहे," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं ओतलेलं क्रोमियम गेलं कुठं? आणि सेंद्रिय कर्ब एक पूर्णांक बारा. आपल्याकडं चांगल्या रानात अर्धा टक्का मिळाला तर शेतकरी पेढे वाटतो."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या जागेत काँग्रेस गवत धड उगवत नाही, आणि या अहवालातल्या मातीत एकरी ऐंशी टन ऊस निघेल. ही माती तिथली नाहीच. कुणीतरी बदलली आहे."

अंकिताच्या हातातलं पेन टेबलावर पडलं, आणि ते उचलायचं तिला सुचलं नाही.

२

बारा ठिकाणी भोकं पाडून बारा काचेच्या बरण्या भरल्या होत्या. शनिवारी भरल्या, सोमवारी पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचल्या. मधला रविवार कुणाच्या ताब्यात होता, एवढंच शोधायचं होतं.

पहिला विश्वजीत. भोकं पाडणाऱ्या कंपनीचा तरुण इंजिनियर, कराडच्या कॉलेजात शिकलेला. अहवाल ऐकून त्याचा चेहरा रागानं लाल झाला.

"मी स्वतः भरलीय माती, मॅडम. चार फुटांखाली हळद सांडल्यागत पिवळी होती. हातमोजे घालून भरली. आणि मी कशाला बदलू? माती वाईट निघाली तर पुढचं काम आमच्याच कंपनीला मिळतं."

हे खरं होतं. शरयूताईंनी विचारलं, "एक नंबरच्या बरणीत थोडं शिसं सापडलंय, मर्यादेच्या आतलं. ते कुठून आलं असेल?"

"टाक्यांत शिशाचे पत्रे लावायचे की. त्याचं असंल."

हेही पटण्यासारखं होतं. पण शिसं राहतं आणि क्रोमियम तेवढं उडून जातं, असं होत नाही. शरयूताईंनी ते डोक्यात ठेवून दिलं.

दुसरी अंकिता. तिला विचारायला जड गेलं, पण विचारलं. "बरण्यांच्या झाकणांवर कागदी पट्टी होती ना? तुझ्या सहीची?"

 अंकितानं ड्रॉवर उघडला आणि चिकटपट्टीचं एक भेंडोळं टेबलावर ठेवलं. त्यावर वीतभर अंतरावर तिची सही, पुन्हा सही, पुन्हा सही. सगळ्या आधीच करून ठेवलेल्या.

"मी दिवसभर तीन साईटवर असते, मॅडम. काम अडू नये म्हणून सह्या करून ठेवते. इथं सगळेच करतात." तिचे डोळे भरून आले. "एक भेंडोळं आप्पासोंकडे दिलं होतं. थंड जागेत पट्टी सुटली तर परत लावा म्हणून सांगितलं होतं. मला लाज वाटते हो सांगायला."

शरयूताई तिला रागावल्या नाहीत. सहीच्या बाबतीत दुसऱ्याला बोलायचा अधिकार आपल्याला आहे का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

तिसरे आप्पासो. पालिकेचे भांडारपाल आणि गरज पडली तर ड्रायव्हर. फौजेतून हवालदार म्हणून आलेले, बोलणं सरळ.

"शनवारी पेटी मी घेतली, मॅडम. सोमवारी पाचला पुन्याला निघालो. मदी उघडली न्हाई. आईशप्पत."

"रविवारी पेटी कुठं होती?"

"थंड जागंत ठेवा असा हुकूम हुता. पालिकेचा फ्रीज चार म्हैनं बंद हाय. मग काय करतो? दूध डेअरीच्या कूलरच्या खोलीत ठिवली. तितं चोवीस तास लाईट अस्ती."

"आणि पट्टीचं भेंडोळं?"

"पेटीतच हुतं की."

शरयूताईंनी हात कपाळाला लावला. मातीच्या बरण्या, सह्या केलेल्या पट्ट्या, सगळं एका पेटीत, दुधाच्या कॅनशेजारी, पूर्ण एक दिवस. चोराला आता फक्त खोलीची किल्ली लागणार होती.

३

डेअरी दुपारी बंद असते. ती उघडेपर्यंत शरयूताई बाजार समितीच्या आवारात गेल्या. जायचं काही कारण नव्हतं. पण ज्यांच्या घरांचं आपल्या सहीवर अडलंय त्यांचं तोंड एकदा तरी बघावं, असं वाटलं खरं.

पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी कुणी थांबत नाही. बाया बाहेर लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या. धोंडुबाईंनी त्यांना लगेच ओळखलं. चाळीस वर्षं शरयूताईंच्या माहेरच्या रानात भांगलायला येणारी बाई ती.

"आवं शरूताई, तुमी? बसा. चा टाकू का?"

"नको धोंडुबाई. कशा आहात?"

"हाय की. पत्रा तापतोय, दुसरं काय. दिवाळीला पाया खनत्याल म्हनं. खरं का?"

शरयूताई तिथंच खाली टेकल्या. धोंडुबाईच बोलत राहिल्या.

"आमच्या धुळाच्या कारखान्याचीच जागा ती. टाकीवर हुता धा वर्सं. त्येच्या नाकाचा पडदा फाटला हुता बगा, त्या वाफंनं. आत आरपार भोक. पोरांस्नी हसवाय सुतळीचा धागा एका नाकपुडीतनं घालून दुसऱ्या नाकपुडीतनं काढायचा. मग छाती धरली, आनी गेला." त्यांनी पदर सावरला. "त्येच्या जागंवर घर मिळालं तर बरंच हाय."

 एकोणीसशे नव्व्याण्णव साली कारखान्याखालच्या विहिरींचं पाणी पिवळं झालं होतं, आणि त्याच्या बाटल्या त्यांच्याच टेबलावर तपासायला आल्या होत्या. त्या बाटल्यांत क्रोमियम इतकं होतं की यंत्राचा काटा टोकाला जाऊन भिडला. आणि शरयूताईंनी कागदावर लिहिलं होतं, 'आढळले नाही'. कारखाना बंद पडला तर साठ घरांची चूल विझेल, असं त्यांना पटवून दिलं गेलं होतं, आणि पटवून घ्यायला त्याही तयार होत्या. कारखाना पुढं नऊ वर्षं चालला. त्या सहीबद्दल त्यांना कुणीही कधी विचारलं नव्हतं.

फोन वाजला. पुण्याच्या प्रयोगशाळेतली भार्गवी, त्यांच्याच हाताखाली शिकलेली. बरण्यांत उरलेली माती पुन्हा नीट बघ, असं त्यांनी तिला सकाळीच सांगितलं होतं.

"मॅडम, गंमत आहे," भार्गवी म्हणाली. "दोन ते बारा नंबर, अकरा बरण्यांत एकच माती आहे. आकडे तंतोतंत सारखे. शिवाय चाळलेली आहे. एक खडा नाही, एक मूळ नाही, सावलीत वाळवल्यासारखी."

शरयूताई ऐकताच उठून उभ्या राहिल्या. कारखान्याच्या जागेची माती कुणी चाळत नाही, ती जशी निघते तशी भरतात. खडे वेचायचे, सगळ्या रानाची माती एकत्र कालवायची, ढीग करून चार भाग करायचे, चाळून सावलीत वाळवायची, ही शेतकऱ्याची रीत. शेताच्या तपासणीची. आणि ही रीत पंचवीस वर्षं गावोगाव शिबिरं घेऊन शिकवली होती स्वतः शरयूताईंनीच.

"आणि एक नंबर?"

"ती वेगळी. तीत शिसं आहे, पण भिंगाखाली बघितलं तर केशरी-लाल कण आहेत. तेलकट गुठळ्या. कारखान्यात असं काय वापरत असतील?"

"कारखान्यात नाही," शरयूताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "तो शेंदूर आहे, भार्गवी. तेलात कालवलेला. शेंदूर शिशाचाच असतो."

४

शेंदूर मातीत कधी मिसळतो? देवाच्या दगडाशी माती खणली तर. बांधावरच्या म्हसोबाला दर अमावास्येला शेंदूर लावतात, तो वर्षानुवर्षं पावसानं खाली उतरतो. पण म्हसोबा काय, प्रत्येक शिवारात आहेत. मग मुद्दाम देवाच्या पायाशी जाऊन कोण खणेल?

याचं उत्तर शरयूताईंना लहानपणापासून माहीत होतं.  त्या तशाच डेअरीवर गेल्या. संध्याकाळचं संकलन सुरू होत होतं. कॅन मोजून घेणाऱ्या सुलाबाईंना त्यांनी विचारलं, "रविवारी दुपारी डेअरी बंद होती, तेव्हा कूलरच्या खोलीची किल्ली कुणाकडं होती?"

"दुपारच्याला व्हय? चेरमन सायबांकडंच अस्ती की एक. तुमच्या तात्यांकडं." सुलाबाई हसल्या. "तुमाला ठावं न्हाई?"

तात्या म्हणजे शरयूताईंचा सख्खा थोरला भाऊ. चार दिवस त्या त्याच्याच घरी उतरल्या होत्या, अंबूवहिनींच्या हातची भाकरी खात होत्या. तात्या डेअरीचा चेअरमन, पूरग्रस्त समितीचा अध्यक्ष, आणि ऊसशेतीत तालुक्याचं बक्षीस मिळवलेला माणूस. पंधरा वर्षं त्यानं रानातलं पाचट जाळलं नव्हतं, सगळं मातीतच कुजवलं होतं. त्याच्या मातीचा कर्ब गेल्या वर्षी शरयूताईंनीच तपासला होता. एक पूर्णांक दहा. तेव्हा त्याच्याइतक्याच त्याही फुशारल्या होत्या.

रानात तात्या नव्हता. शरयूताई बांधाबांधानं म्हसोबापाशी गेल्या. त्यांच्या घराची रीत होती, विहीर असो, पाया असो की नुसती चारी, खणायला घेतलं की पहिली कुदळ देवापुढं मारायची आणि पहिलं घमेलं तिथलं भरायचं. वडील हयात असताना कुणी हे विसरलं तर घरात तीन दिवस बोलणी बसत.

दगडापुढची माती वीतभर खणून परत दाबलेली होती. शेजारी नारळाची ताजी शकलं पडली होती. चोरी करायला निघालेला माणूस आधी देवाला नारळ फोडून निघाला होता, आणि ते पहिलं घमेलं फेकून द्यायला त्याचा हात झाला नव्हता. त्यानं ते एक नंबरच्या बरणीत भरलं होतं.

"शरे," मागून आवाज आला. "हितं काय करतीस?"

५

तात्या विहिरीकडून येत होता. त्यानं बहिणीकडं पाहिलं, मग दगडापुढच्या मातीकडं पाहिलं, आणि डोक्यावरचा टॉवेल काढून बांधावर बसला. त्याला काही विचारायची गरज उरली नाही.

"कळलं म्हनायचं तुला," तो म्हणाला.

"खरी माती कुठं आहे?"

"गोठ्याच्या माळ्यावर, पोत्यात. टाकवली न्हाई. हात लावाय बी भ्या वाटतंय तिला, अशी पिवळीजर्द."

"भीती वाटली तुला," शरयूताई म्हणाल्या, "आणि त्याच मातीवर धोंडुबाईंची नातवंडं खेळायला सोडणार होतास?"

तात्यानं टॉवेलानं तोंड पुसलं. "चार वर्सं लागत्याल म्हनत्यात साफ करायला. धोंडुबाई जगंल का तवर? मी सबूद दिलाय त्या मानसांस्नी. दर पंद्रा दिवसांनी शेडात जातो, दर बारीला तेच सांगतो, व्हतंय, व्हतंय. लोकं म्हनली, वर दोन फूट मुरूम टाकला की काय व्हतंय? मला बी वाटलं तसं. वाटून घेतलं."

"मला विचारायचं होतंस."

"विचारनार हुतो की." तात्याचा आवाज खाली गेला. "तू आलीस त्या दिवशी जेवताना तोंडावर आलं हुतं. शरे, एवडं एक लिव, म्हनून. पन एकदा सांगून बसलोय तुला. त्या पान्याच्या बाटल्यांच्या वक्ताला. मीच आलो हुतो तुज्याकडं कराडला. साठ घरं हायत, शरे, म्हनलो हुतो. आनी तू लिवलंस. तवापास्नं तू माज्याशी धड बोलली न्हाईस कवा, ते काय मला कळत न्हाई व्हय? दुसऱ्यांदा तुला तसलं सांगायची लाज वाटली मला. म्हनून मीच केलं."

शरयूताई त्याच्या शेजारी बांधावर बसल्या. चोर शोधायला आल्या होत्या, सापडलाही होता, आणि त्यांना त्याच्याकडं बघवत नव्हतं. त्यांना स्वतःचीच इतकी शरम वाटत होती की भावावर रागवायला मनात जागा राहिली नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी नाही म्हटलं असतं, तर खोटी माती चालते हे या साध्या माणसाला कधी सुचलंच नसतं.

"मी उद्या कलेक्टर कचेरीला पत्र देणार आहे," त्या म्हणाल्या. "बरण्या बदलल्या, कुणी बदलल्या, खरी माती कुठं आहे, सगळं."

"घाल माजं नाव. मी न्हाई म्हननार न्हाई."

"आणि त्यात नव्व्याण्णवचंही लिहिणार आहे."

तात्या एकदम वळला. "ते कशाला? ते कुनाला ठावं हाय?"

"तुला आहे. मला आहे. एवढे पुरेत." त्या उठल्या आणि साडीची माती झटकली. "तू शुक्रवारी माझ्याबरोबर शेडवर येशील का?"

"काय तोंड घिऊन येऊ?"

"मीही तेच घेऊन येणार आहे," शरयूताई म्हणाल्या.

६

शुक्रवारी सकाळी दहाला लिंबाखाली सगळी माणसं जमली. पत्र आदल्या दिवशीच गेलं होतं. आप्पासोंनी माळ्यावरचं पोतं पंचनामा करून ताब्यात दिलं होतं. अंकितानं सह्यांच्या पट्ट्यांचा कबुलीजबाब स्वतःच्या हातानं लिहून दिला होता. विश्वजीत त्याच जागेवर नवी भोकं पाडायला लागला होता, आणि या वेळी दोन पोलीस शेजारी खुर्च्या टाकून बसले होते.

तात्या आला. माणसांच्या मागं उभा राहिला, मग कुणी बोलावलं नसताना पुढं आला आणि मी माती बदलली, एवढं एक वाक्य बोलून खाली बघत राहिला. आधी कुणाला कळेना. कळलं तेव्हा गलका झाला. एकजण म्हणाला, तात्यांनी केलं ते आमच्यासाठीच केलं. दुसरा म्हणाला, आता आणखी चार वर्षं आम्ही पत्र्याखाली मरायचं का. एका बाईनं तात्याला दोन शब्द असे सुनावले की ते इथं लिहिता येणार नाहीत. तात्यानं मान वर केली नाही.

गलका ओसरल्यावर शरयूताई उभ्या राहिल्या. त्यांनी कागद आणला होता, पण तो वाचला नाही. विहिरींचं पाणी, बाटल्या, यंत्राचा काटा, आणि आपण लिहिलेले ते दोन शब्द, सगळं त्यांनी कळेल अशा भाषेत सांगितलं. विष आहे हे मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी नाही असं लिहिलं, हेही सांगितलं. त्यांना वाटलं होतं की आता आपल्यालाही कुणी तसंच सुनावेल, आणि सुनावलं तर बरंच होईल. पण कुणी काही बोललं नाही. गावच्या शिकलेल्या लेकीला काय बोलावं, हे त्या माणसांना समजेना.

मग पुढच्या रांगेतून धोंडुबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. नीट समजून घ्यावं म्हणून विचारावं तसं विचारलं.

"शरूताई, ते पानी तुमच्याकडं आलं हुतं, तवा आमचा धुळा चांगला हुता. कामाला लागून वरीस बी झालं नव्हतं. तुमी तवा खरं लिवलं असतं, तर कारखाना बंद पडला असता का?"

"पडला असता," शरयूताई म्हणाल्या.

"आनी त्यो दुसरीकडं कामाला गेला असता."

"हो, धोंडुबाई."

धोंडुबाईंनी मान हलवली. पदरानं तोंड पुसलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठून त्या आपल्या शेडच्या दारापर्यंत गेल्या. तिथं थांबून त्यांनी मागं वळून पाहिलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "चा ठेवते. चार वर्सं हितंच हाय मी."